मोटारीचा बाह्य तापमान सेन्सर : जागा, निगा आणि आकड्याचा अर्थ

मोटारीच्या डॅशबोर्डवर वेळेशेजारी दिसणारा बाहेरच्या तापमानाचा आकडा बहुतेक चालकांच्या लेखी केवळ माहितीपुरता असतो. प्रत्यक्षात हा आकडा पुरवणाऱ्या लहानशा सेन्सरवर स्वयंचलित वातानुकूलन, काचेवरील बाष्प दूर करणारी यंत्रणा, थांब्यावर इंजिन आपोआप बंद करणारी सोय आणि रस्त्यावर बर्फ असण्याची शक्यता सांगणारा इशारा अशा अनेक गोष्टी अवलंबून असतात. सेन्सर चिखलाने माखला, जागेवरून निखळला किंवा त्याची तार तुटली, तर भर उन्हाळ्यात वातानुकूलन बंद पडू शकते आणि हिमालयातील घाटरस्त्यावर धोक्याचा इशारा उशिरा मिळू शकतो.

दुसरीकडे, सेन्सर पूर्णतः सुस्थितीत असतानाही त्याच्या आकड्यातून नको तो अर्थ काढला जातो. दर उन्हाळ्यात समाजमाध्यमांवर डॅशबोर्डची छायाचित्रे हवामान विभागाच्या नोंदींना आव्हान म्हणून फिरतात. म्हणूनच हा सेन्सर कुठे असतो, त्याची निगा कशी राखावी आणि त्याचा आकडा नेमके काय सांगतो, या तिन्ही गोष्टी एकत्र समजून घेणे आवश्यक ठरते.

रचना आणि कार्य

बाह्य तापमान सेन्सर हा बहुतांश मोटारींत बोटाच्या पेरापेक्षा फारसा मोठा नसलेला प्लॅस्टिकचा भाग असतो. त्याच्या टोकाशी थर्मिस्टर नावाचा घटक बसवलेला असतो. तापमान बदलले की त्याचा विद्युत रोध बदलतो. मोटारींत वापरल्या जाणाऱ्या थर्मिस्टरचा रोध तापमान वाढल्यावर कमी होतो आणि तापमान उतरल्यावर वाढतो. साधारणपणे २५ अंश सेल्सिअसला जेवढा रोध असतो, त्याच्या सुमारे तिप्पट रोध शून्य अंशाला आढळतो.

सेन्सरला दोन तारा जोडलेल्या असतात. मोटारीचा नियंत्रक संगणक त्यांतून अल्प दाबाचा, सामान्यतः ५ व्होल्टचा, विद्युतपुरवठा करतो आणि सेन्सरपाशी दाब किती उरतो यावरून तापमान काढतो. या साध्या रचनेत हलणारा एकही भाग नाही. त्यामुळे सेन्सर स्वतःहून झिजत नाही; बिघाड झालाच तर तो बहुधा धक्का, पाणी, गंज किंवा तुटलेली तार यांमुळे होतो.

या सेन्सरची इतर तापमान सेन्सरशी गल्लत होऊ नये. इंजिनाच्या शीतक द्रवाचे तापमान मोजणारा सेन्सर इंजिनावर असतो. इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान मोजणारा सेन्सर एअर फिल्टरच्या पुढील नळीत किंवा त्याच्या आसपास असतो. आसनकक्षाचे तापमान मोजणारा सेन्सर डॅशबोर्डवरील छोट्या जाळीमागे असतो, तर उन्हाची तीव्रता मोजणारा सेन्सर पुढच्या काचेखाली डॅशबोर्डच्या माथ्यावर असतो. स्वयंचलित वातानुकूलन यंत्रणा यांपैकी अनेकांची माहिती एकत्र करून निर्णय घेते. मात्र बाहेरच्या हवेची माहिती तिला मुख्यतः बाह्य सेन्सरकडूनच मिळते.

सेन्सर कुठे असतो

बाहेरची हवा मोजायची, पण इंजिनाची उष्णता टाळायची, या दोन अटींवर सेन्सरची जागा ठरते. त्यामुळे तो प्रामुख्याने दोन ठिकाणी आढळतो.

पहिली जागा मोटारीच्या नाकाशी, म्हणजे पुढच्या जाळीमागे किंवा बंपरच्या खालच्या जाळीत, वातानुकूलन यंत्रणेच्या कंडेन्सरच्या पुढे. गाडी धावत असताना समोरून येणारी ताजी हवा प्रथम येथेच आदळते. सेन्सर अनेकदा रेडिएटरच्या आधारपट्टीवर, हॉर्नजवळ किंवा बंपरच्या आतील बाजूस खाचेत बसवलेला असतो. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य जपानी आणि कोरियन बनावटीच्या मोटारींत याच भागात शोध घेतल्यास तो सापडतो.

दुसरी जागा म्हणजे बाहेरच्या आरशाचे कवच. अनेक युरोपीय कंपन्यांनी आपल्या मोटारींत आरशाच्या कवचाच्या खालच्या बाजूस सेन्सर बसवला आहे. खाली वाकून पाहिल्यास तेथे लहान छिद्र किंवा वाटाण्याएवढे गोल टोक दिसते. आरसा इंजिनापासून दूर आणि रस्त्यापासून उंच असल्याने येथे रस्त्याची आणि इंजिनाची उष्णता तुलनेने कमी पोहोचते. मात्र शहरी गर्दीत दुचाकींचे धक्के आरशालाच सर्वाधिक बसतात. आरसा मिटवण्या-उघडण्यामुळे आतील तार वारंवार वाकते, हीदेखील या जागेची उणीव आहे.

एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत, इतकेच नव्हे तर एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांतही, जागा वेगळी असू शकते. मालकाच्या माहितीपुस्तिकेत ती नेहमी दिलेली नसते. कार्यशाळेसाठीच्या तांत्रिक पुस्तिकेत मात्र तिचा उल्लेख असतो. गाडीखाली किंवा बॉनेटखाली हात घालण्यापूर्वी टॉर्चच्या प्रकाशात आधी दोन्ही आरशांच्या खालची बाजू आणि त्यानंतर बंपरच्या जाळ्या तपासणे, हा शोधाचा सोपा क्रम होय.

आकडा लगेच का बदलत नाही

डॅशबोर्डवर दिसणारा आकडा म्हणजे सेन्सरने त्या क्षणी मोजलेले तापमान असतेच असे नाही. गाडी थांबली की रेडिएटर आणि इंजिन यांची उष्णता पुढच्या भागात साचते. बंपरमागील सेन्सर तापतो आणि बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापमान नोंदवतो. हा दोष टाळण्यासाठी नियंत्रकातील संगणकप्रणाली आकड्याला आवर घालते. तापमान घसरत असेल, तर नवा आकडा लवकर दाखवला जातो. वाढत असेल, तर गाडीने ठरावीक वेग गाठून काही काळ धावल्यावरच तो हळूहळू वाढवला जातो. इंजिन गरम असताना गाडी पुन्हा सुरू केल्यास अनेक मोटारी आधीचाच आकडा काही काळ कायम ठेवतात.

त्यामुळे वाहनतळातून बाहेर पडल्यावर पहिली काही मिनिटे दिसणारा आकडा चुकीचा वाटला, तरी तो बिघाड नसतो. सिग्नलवर किंवा वाहतूक कोंडीत अडकलेल्या गाडीचा आकडाही विश्वासार्ह मानू नये. मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटे एकसारख्या वेगाने गाडी चालवल्यानंतर जो आकडा स्थिरावतो, तोच तुलनेसाठी वापरावा.

डॅशबोर्ड आणि वेधशाळा

हवामान विभागाची तापमानाची नोंद आणि गाडीतील आकडा यांची तुलना करताना दोन्ही मोजमापांच्या अटी वेगळ्या आहेत, हे लक्षात घ्यावे लागते. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या आणि झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. हवा खेळती राहावी, पण ऊन थेट पडू नये, अशी तिची रचना असते. स्कॉटलंडमधील दीपगृहांचे अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांच्या नावावरून ही पेटी ‘स्टीव्हन्सन स्क्रीन’ म्हणून ओळखली जाते. भोवताली मोकळी जमीन असावी, असाही दंडक असतो.

मोटारीचा सेन्सर याच्या नेमक्या उलट परिस्थितीत काम करतो. तो डांबरी रस्त्यापासून दोन-तीन फुटांवर, पुढच्या वाहनाच्या धुरात आणि स्वतःच्या रेडिएटरच्या शेजारी असतो. उन्हाळ्याच्या दुपारी डांबराचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी अधिक तापलेला असतो. म्हणून वेधशाळेने ४२ अंश नोंदवले असताना रहदारीतील गाडीने ४६ किंवा ४७ दाखवले, तर दोहोंपैकी कोणी खोटे बोलत आहे असा निष्कर्ष निघत नाही. वेधशाळा परिसरातील हवेचे प्रमाणित तापमान सांगते, तर गाडी बंपरसमोरच्या हवेचे. उष्णतेच्या लाटेचे निकष पहिल्या आकड्यावर ठरतात. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंशांवर गेल्याशिवाय हवामान विभाग उष्णतेच्या लाटेचा विचार करत नाही, आणि हा आकडा कोणत्याही वाहनाच्या डॅशबोर्डवरून घेतला जात नाही.

सेन्सरची देखभाल किती महत्त्वाची असते, याचा प्रत्यय वेधशाळांनाही आला आहे. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतील मुंगेशपूर येथील स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस तापमान दाखवले. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी नोंदवले गेलेले ५१ अंश हे देशातील सर्वोच्च तापमान मानले जात असल्याने मुंगेशपूरच्या आकड्याने देशभर खळबळ उडवली. त्याच दिवशी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंशांची नोंद होती. हवामान विभागाने प्रमाणित उपकरणाशी तुलना केली असता मुंगेशपूरचा सेन्सर सुमारे तीन अंश अधिक दाखवत असल्याचे निष्पन्न झाले. त्याच सुमारास नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने दाखवलेला ५६ अंशांचा आकडाही सेन्सरमधील बिघाडामुळे चुकीचा असल्याचा खुलासा विभागाने केला. ठरावीक निकषांनुसार उभारलेल्या केंद्रांतील सेन्सर चुकू शकत असेल, तर चिखल-पाण्याचे फवारे झेलणाऱ्या मोटारीच्या सेन्सरची अधूनमधून पडताळणी करणे गरजेचेच आहे.

बर्फाचा इशारा आणि त्याची मर्यादा

बाहेरचे तापमान ३ किंवा ४ अंशांपर्यंत उतरले की अनेक मोटारींच्या डॅशबोर्डवर हिमकणाचे चिन्ह उमटते किंवा सूचक ध्वनी होतो. पाणी शून्य अंशाला गोठत असताना इशारा आधीच का दिला जातो, याचे कारण हवा आणि रस्ता यांच्या तापमानातील फरकात आहे. निरभ्र रात्री रस्त्याचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करतो आणि हवेपेक्षा अधिक थंड होतो. पूल वरून आणि खालून, दोन्ही बाजूंनी वाऱ्याने थंड होत असल्याने इतर रस्त्याच्या आधी गोठतो. डोंगराच्या सावलीत राहणाऱ्या वळणांवर दुपारीही बर्फ टिकून असतो. अशा ठिकाणी हवा २ किंवा ३ अंशांवर असतानाही डांबरावर बर्फाचा पातळ, पारदर्शक थर असू शकतो. खालचे काळे डांबर त्यातून दिसत असल्याने त्याला ‘ब्लॅक आइस’ म्हटले जाते. चालकाला तो ओल्या रस्त्यासारखा भासतो, हाच त्याचा सर्वांत मोठा धोका होय.

हिमाचल प्रदेशातील मनाली ते लाहौल हा मार्ग याचे उत्तम उदाहरण आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुमारे नऊ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याचे उद्‌घाटन झाल्यानंतर हिवाळ्यातही पर्यटकांच्या मोटारी मोठ्या संख्येने लाहौलच्या बाजूस जाऊ लागल्या. त्यांत महाराष्ट्रासह बर्फाची सवय नसलेल्या राज्यांतील चालकही असतात. बोगद्याच्या दोन्ही बाजूंच्या रस्त्यांवर हिवाळ्यात पारदर्शक बर्फ साचतो आणि गाड्या घसरू लागल्यावर स्थानिक पोलिसांना वाहतूक रोखावी लागते किंवा ती चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या वाहनांपुरती मर्यादित करावी लागते.

उंचीप्रमाणे तापमान किती घटते, याचे ढोबळ गणित चालकाने जवळ ठेवावे. सरासरीने दर १,००० मीटर उंचीला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. मनाली सुमारे २,००० मीटर उंचीवर, तर बोगद्याची तोंडे ३,००० मीटरहून अधिक उंचीवर आहेत. मनालीत सकाळी डॅशबोर्डवर ८ अंश दिसत असतील, तर बोगद्यापाशी हवा दीड अंशाच्या आसपास असण्याचा संभव आहे. रस्त्याचा पृष्ठभाग त्याहूनही थंड असू शकतो. चढावर आकडा वेगाने उतरत जाणे, हा चिन्ह उमटण्याआधीच मिळणारा इशारा आहे.

येथे सेन्सरची मर्यादा स्पष्ट होते. तो हवा मोजतो, रस्ता मोजत नाही. हिमकणाचे चिन्ह दिसले म्हणजे बर्फ आहेच असे नाही आणि चिन्ह विझले म्हणजे रस्ता सुरक्षित झाला असेही नाही. त्यातच सेन्सर चिखलाने झाकला गेला असेल किंवा रेडिएटरला टेकला असेल, तर तो खऱ्या तापमानापेक्षा अधिक आकडा दाखवेल आणि चिन्ह उमटणारच नाही. थंड प्रदेशातील प्रवासापूर्वी टायर, ब्रेक आणि शीतक द्रव यांच्यासोबत या सेन्सरचीही तपासणी व्हावी, ती यासाठी.

बिघाडाची लक्षणे

सेन्सरच्या बिघाडाचे सर्वांत बोलके लक्षण म्हणजे डॅशबोर्डवर दिसणारा उणे ४० हा आकडा. तार तुटली किंवा कनेक्टर निखळला की विद्युत रोध अमर्याद होतो आणि नियंत्रक त्याचा अर्थ टोकाची थंडी असा लावतो. मोटारींच्या निदानप्रणालीत, म्हणजे ओबीडीमध्ये, बाह्य तापमानाची मोजपट्टीच उणे ४० पासून सुरू होते. म्हणून तपासणी यंत्रावरही हाच आकडा दिसतो. सेल्सिअस आणि फॅरनहाइट या दोन्ही मापनपद्धती उणे ४० वर एकमेकींना मिळतात, त्यामुळे एकक कोणतेही निवडले असले तरी आकडा तोच राहतो. याउलट दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर अतिशय मोठा आकडा दिसतो. काही मोटारी अशा वेळी आकड्याच्या जागी केवळ दोन आडव्या रेघा दाखवतात.

दुसरे लक्षण वातानुकूलनाशी संबंधित आहे. बाहेर कडाक्याची थंडी असताना कॉम्प्रेसर चालू राहिल्यास त्याला हानी पोहोचू शकते. म्हणून अनेक मोटारींत बाहेरचे तापमान गोठणबिंदूच्या आसपास उतरले की कॉम्प्रेसर सुरूच होऊ दिला जात नाही. सेन्सरची तार तुटल्यामुळे नियंत्रकाला उणे ४० दिसत असेल, तर मे महिन्याच्या दुपारीही तो कॉम्प्रेसर बंद ठेवू शकतो. अशा प्रसंगी वायू भरून घेणे किंवा कॉम्प्रेसर बदलणे यांवर खर्च होतो आणि मूळ दोष तसाच राहतो. वातानुकूलन अचानक पूर्ण बंद पडल्यास आधी डॅशबोर्डवरील बाह्य तापमानाचा आकडा पाहावा.

आकडा दिवसेंदिवस एकाच ठिकाणी अडकून राहणे, खड्ड्यातून जाताना उड्या मारणे, पावसात अवास्तव बदलणे किंवा मोकळ्या रस्त्यावरही प्रत्यक्षापेक्षा सात-आठ अंशांचा फरक कायम राहणे, ही अन्य लक्षणे होत. पावसात होणारा बदल बहुधा कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्यामुळे, तर खड्ड्यात होणारा बदल सैल जोडणीमुळे असतो.

निगा कशी राखावी

या सेन्सरला तेल, वंगण किंवा ठरावीक काळाने बदलण्याची गरज नसते. त्याला दोनच गोष्टी लागतात, खेळती हवा आणि कोरडी जोडणी. पुढील बाबी त्यासाठी पुरेशा आहेत.

पहिली, स्वच्छता. पावसाळ्यात चिखल, तर उन्हाळ्यात धूळ, कीटक आणि पालापाचोळा बंपरच्या जाळीत साचतो. दर महिन्या-दोन महिन्यांनी साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने सेन्सरचे टोक व भोवतालची जाळी साफ करावी. उच्च दाबाच्या पाण्याचा झोत त्यावर थेट मारू नये. त्यामुळे पाणी कनेक्टरमध्ये शिरते आणि पकडही तुटते. आरशाखालच्या सेन्सरसाठी ओले फडके पुरते.

दुसरी, मोकळी वाट. बंपरवर बाहेरून बसवलेली सजावटीची जाळी, नंबर प्लेटची रुंद चौकट किंवा जादा दिवे यांनी सेन्सरसमोरची हवा अडू नये. बंपरपुढे लोखंडी संरक्षक दांडे बसवणे तर बेकायदाच आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये त्यांच्यावर कारवाई करण्याचे निर्देश राज्यांना दिले होते.

तिसरी, पकड. सेन्सर प्लॅस्टिकच्या पाकळीने आपल्या जागी अडकवलेला असतो. अपघातानंतर बंपर उतरवून पुन्हा बसवताना ही पाकळी तुटते आणि सेन्सर तारेला लोंबकळत राहतो. तो मागे सरकून कंडेन्सरला टेकला, तर आकडा कायमचा अधिक दिसू लागतो. बंपर किंवा आरशाच्या दुरुस्तीनंतर गाडी ताब्यात घेतानाच बाह्य तापमानाचा आकडा योग्य आहे का, याची खात्री करून घ्यावी. आरसा बदलताना सेन्सर नसलेला आरसा बसवला गेल्यास आकडा नाहीसा होतो, हेही ध्यानात ठेवावे.

चौथी, गंज आणि उंदीर. कोकण आणि गोव्यासारख्या किनारी प्रदेशांतील खाऱ्या हवेत तांब्याच्या टोकांवर हिरवट थर जमतो. तो विद्युत संपर्कासाठीच्या स्वच्छक फवाऱ्याने काढावा आणि कनेक्टरचे रबरी कडे शाबूत असल्याची खात्री करावी. पावसाळ्यात बॉनेटखाली आसरा घेणारे उंदीर बारीक तारा कुरतडतात. सेन्सरच्या दोन तारा त्यातून सुटत नाहीत.

घरच्या घरी तपासणी

साधी तपासणी कोणत्याही उपकरणाशिवाय करता येते. गाडी रात्रभर सावलीत उभी असावी. सकाळी इंजिन सुरू न करता केवळ विद्युतपुरवठा चालू करून डॅशबोर्डवरील आकडा वाचावा आणि गाडीशेजारी ठेवलेल्या घरगुती तापमापकाशी त्याची तुलना करावी. दोन-तीन अंशांपर्यंतचा फरक दुर्लक्षिण्याजोगा आहे. त्याहून मोठा फरक सलग काही दिवस राहिल्यास पुढील तपासणी करावी.

सेन्सर हाताशी येत असेल आणि मल्टिमीटर उपलब्ध असेल, तर त्याचा रोध मोजता येतो. त्यासाठी गाडी बंद करून कनेक्टर सोडवावा आणि सेन्सरच्या दोन टोकांमधील रोध वाचावा. नंतर सेन्सर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बर्फाचा चुरा आणि पाणी यांच्या मिश्रणात पाच ते दहा मिनिटे ठेवावा. हे मिश्रण शून्य अंशावर स्थिर असते. सामान्य खोलीच्या तापमानाच्या तुलनेत रोध जवळपास तिप्पट झाला आणि वाचन सुरळीत वाढत गेले, तर सेन्सर ठीक आहे. रोध अमर्याद दिसला किंवा शून्यावर राहिला, तर तो निकामी झाला आहे. अचूक आकडे प्रत्येक उत्पादकाचे वेगळे असल्याने अंतिम पडताळणी त्या मॉडेलच्या तक्त्यावरूनच करावी.

सेन्सर ठीक निघाला, तर दोष तारेत असण्याची शक्यता वाढते. कनेक्टर सोडवलेल्या स्थितीत विद्युतपुरवठा चालू करून गाडीकडील दोन टोकांमध्ये सुमारे ५ व्होल्ट मिळायला हवेत. ते न मिळाल्यास तार, फ्यूज किंवा नियंत्रक यांची तपासणी कार्यशाळेत करून घ्यावी.

हे काम करताना सावधगिरी आवश्यक आहे. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू लागू शकतो, म्हणून इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय जाळीमागे हात घालू नये. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. अनेक मोटारींत एअरबॅगसाठी धडक ओळखणारे सेन्सर पुढच्या भागातच असतात. त्यामुळे बंपर उतरवण्याची वेळ आल्यास ते काम प्रशिक्षित कारागिरावर सोपवणे श्रेयस्कर ठरते.

सेन्सर बदलल्यानंतर

नवा सेन्सर घेताना भागक्रमांक जुळवून घ्यावा. दिसायला सारखे असलेले दोन सेन्सर वेगळ्या रोधाचे असू शकतात आणि चुकीचा सेन्सर बसवल्यास आकडा प्रत्येक तापमानाला चुकत राहतो. बहुतेक वेळा सेन्सरपेक्षा बंपर किंवा आरसा उघडण्याची मजुरी अधिक असते. म्हणून अन्य कारणाने बंपर उतरवला जात असेल, तेव्हाच संशयास्पद सेन्सर बदलून घेणे किफायतशीर ठरते.

बदलल्यावर लगेच योग्य आकडा दिसला नाही, तर नवा भाग सदोष आहे असे समजू नये. आकड्याला आवर घालणारी संगणकप्रणाली जुनी नोंद काही काळ धरून ठेवते. मोकळ्या रस्त्यावर काही वेळ गाडी चालवल्यावर किंवा काही तास बंद ठेवल्यावर आकडा सुधारतो. काही मोटारींत मात्र निदानयंत्राच्या साहाय्याने जुनी दोषनोंद पुसावी लागते.

नियमित सर्व्हिसिंगच्या यादीत या सेन्सरचा उल्लेख सहसा नसतो. त्यामुळे त्याची जागा ठाऊक करून घेणे, ती स्वच्छ ठेवणे आणि वर्षातून दोनदा, उन्हाळा आणि हिवाळा सुरू होण्यापूर्वी, त्याचा आकडा तापमापकाशी ताडून पाहणे ही जबाबदारी चालकाचीच राहते. बर्फाळ प्रदेशात मात्र आकडा अचूक असला तरी तो केवळ हवेचा आहे, याचे भान ठेवून वेग आधीच कमी करावा आणि सावलीतील वळणे व पूल ओलांडताना अचानक ब्रेक लावणे टाळावे.